रविवारचे महानायक, सोमवारची गाडी

शनिवारी संध्याकाळी चर्चगेटकडून निघालेली डहाणूची गाडी विरार सोडते, वैतरणा स्थानकात क्षणभर थांबते आणि मग खाडीवरच्या पुलावर येते. पुलावर चाकांचा आवाज पालटतो, खारा वारा डब्यात शिरतो आणि बहुधा त्याबरोबरच डब्यातील संभाषणाचा विषयही पालटतो. विरारपर्यंत महागाईभत्ता, मुलांचे प्रवेश, साहेबाचा स्वभाव, सासऱ्यांचे मोतीबिंदू असे विषय चाललेले असतात. खाडी लागली की आठवडा मागे पडला असे मानण्याची या मार्गावरील प्रवाशांची रीत आहे. मग कोणी तरी उद्याच्या सामन्याची गोष्ट काढतो आणि सफाळे येण्यापूर्वीच वाद एका प्रश्नावर येऊन ठेपतो : सर्वांत मोठा कोण?

या वादाचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेण्यासारखे आहे. त्यात संघांची नावे क्वचितच येतात. नावे येतात ती माणसांची. गावसकर की तेंडुलकर, ब्रॅडमन की रिचर्ड्स. आणि क्रियापदाचा कर्ता नेहमी एकवचनी. ‘त्याने सामना काढला’, ‘त्याने मालिका जिंकून दिली’. अकरा जणांच्या खेळाचे व्याकरण असे एकवचनी का व्हावे, हा प्रश्न वरवर पाहता भाषेचा वाटतो. वस्तुतः तो रोजच्या जगण्याचा आहे.

बोईसरला उतरणारा एखादा प्रवासी घ्या. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतील एका रासायनिक कारखान्यात तो पाळी करतो. त्याच्या हातून जे द्रव्य तयार होते ते दुसऱ्या कारखान्यात जाते, तेथून तिसऱ्या; शेवटी त्याचे औषध होते की कापडाचा रंग, हे त्याला ठाऊक असतेच असे नाही. १९६९ साली कार्यान्वित झालेल्या तारापूरच्या अणुवीज केंद्रातील कर्मचाऱ्याची वीज तारांच्या जाळ्यात मिसळून जाते. कोणत्या घरातला कोणता दिवा आपल्यामुळे लागला हे तो सांगू शकत नाही. कचेरीतल्या कारकुनाची टिपणी सात टेबलांवरून फिरते आणि निर्णय होतो तेव्हा तो कोणाचा, हे कोणीच छातीठोकपणे सांगत नाही. विशेषतः निर्णय चुकला असेल तर. शिक्षकाला आपल्या श्रमाचे फळ दिसायचे ते वीस वर्षांनी, तेही एखाद्या माजी विद्यार्थ्याने फलाटावर ओळख दिली तर. ॲडम स्मिथने १७७६ साली टाचणीच्या कारखान्याचे उदाहरण देऊन श्रमविभागणीची महती सांगितली. टाचण्या बेसुमार वाढल्या हे खरे. पण ‘ही टाचणी माझी’ असे म्हणू शकणारा माणूस त्या कारखान्यातून नाहीसा झाला. मैदानावरचा थोर खेळाडू हा तो नाहीसा झालेला माणूस होय. चेंडू आला, त्याने मारला, सीमेपार गेला. कारण आणि कार्य यांच्यामध्ये ना साहेब, ना फाईल, ना ठेकेदार. आठवडाभर तुकड्यातुकड्यांनी जगणाऱ्या माणसाला रविवारी ही अखंडता डोळे भरून पाहावीशी वाटली, तर त्याला केवळ करमणूक म्हणून हिणवणे बरोबर नाही.

मात्र ही अखंडता जितकी दिसते तितकी ती खरी असते काय? विक्रमांच्या वह्या थोड्या बारकाईने चाळल्या तर निराळेच काही हाती लागते.

१४ ऑगस्ट १९४८ हा शनिवार होता. ओव्हलच्या मैदानावर डॉन ब्रॅडमन आपल्या अखेरच्या कसोटीत फलंदाजीला उतरला. कारकिर्दीची सरासरी नेमकी शंभर राहण्यासाठी त्याला अवघ्या चार धावा हव्या होत्या. हॉलीजने दुसऱ्याच चेंडूवर त्याचा त्रिफळा उडवला आणि ५२ कसोटींतील ८० डावांचा हिशेब ६,९९६ धावा आणि ९९.९४ सरासरी असा कायमचा बंद झाला. ब्रॅडमननंतर जे मोठे मोठे फलंदाज दीर्घ काळ खेळले, त्यांतील उत्तमांची सरासरी साठीच्या आसपास थांबते. पहिला आणि दुसरा यांच्यात एवढे अंतर माणसाच्या कोणत्याही उद्योगात सहसा आढळत नाही. तरीही रसिकाच्या मनात रुतून बसला आहे तो त्यातला उणा राहिलेला शतांश. शंभराचा पूर्ण आकडा कदाचित कोणी एवढ्या मायेने आठवला नसता.

त्याच वर्षी, डिसेंबर महिन्यात, पुण्याला एक घटना घडली. ती महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक असायला हवी होती. पण तशी ती नाही. रणजी करंडकाच्या सामन्यात महाराष्ट्राची गाठ काठियावाडशी होती. काठियावाडचा डाव २३८ धावांत आटोपला आणि मग भाऊसाहेब निंबाळकर खेळू लागले. भांडारकरांनी द्विशतक काढून त्यांना साथ दिली. दोघांनी दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावांची भर घातली. भांडारकर गेले, पण निंबाळकर थांबेनात. महाराष्ट्राच्या धावा झाल्या ४ बाद ८२६ आणि त्यांत एकट्या निंबाळकरांच्या नाबाद ४४३. ब्रॅडमनचा ४५२ धावांचा त्या वेळचा जागतिक विक्रम नऊ धावांच्या अंतरावर उभा होता. एवढ्यात काठियावाडचे कर्णधार असलेल्या राजकोटच्या ठाकूरसाहेबांना आपल्या संघाचे नाव असल्या विक्रमाच्या वहीत यावे हे रुचेना. डाव घोषित करा, नाही तर आम्ही निघालो, असा त्यांचा पवित्रा होता. आणि ते खरोखरच निघून गेले. सामना महाराष्ट्राला बहाल झाला. निंबाळकर ४४३ वर नाबाद राहिले ते राहिलेच.

या प्रसंगाकडे खिलाडूवृत्तीचा अभाव म्हणून पाहिले जाते आणि ते योग्यही आहे. परंतु त्यात याहून खोल असे एक सत्य उघडे पडलेले आहे. एकट्याचा म्हणून जो पराक्रम आपण मिरवतो, तो करण्यासाठी समोर अकरा माणसे उन्हात उभी राहायला तयार असावी लागतात. त्यांनी पाठ फिरवली की जगातला सर्वश्रेष्ठ फलंदाजही हातात बॅट घेऊन उभा असलेला एक गृहस्थ उरतो. निंबाळकरांची ती खेळी भारतीय फलंदाजाने प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये केलेली सर्वांत मोठी खेळी म्हणून आजही उभी आहे. रणजी स्पर्धेत चारशेचा टप्पा दुसऱ्या कोणी गाठलेला नाही. इतके असून भारताच्या कसोटी संघात त्यांना एकदाही स्थान मिळाले नाही. २०१२ साली, वयाच्या त्र्याण्णवाव्या वाढदिवसाला एक दिवस उरलेला असताना, त्यांचे निधन झाले. गुणवत्ता ही एक वस्तू आणि संधी ही दुसरी. पहिलीचा साठा कितीही असला तरी दुसरीचा पुरवठा कोणाच्या हाती आहे यावर सारे अवलंबून असते, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही सांगता येईल. निवड समित्यांना ते सांगणे मात्र अवघड जाते.

उलट बाजूही पाहावी. जानेवारी २०१६ मध्ये कल्याणला शालेय सामन्यात प्रणव धनावडे या मुलाने नाबाद १००९ धावा केल्या. चार आकडी धावसंख्या क्रिकेटच्या कोणत्याही सामन्यात प्रथमच नोंदली गेली. देशोदेशीच्या वृत्तपत्रांत रिक्षाचालकाच्या या मुलाचे छायाचित्र झळकले. प्रतिपक्षाचे दोन डाव ३१ आणि ५२ धावांत आटोपले होते, हा तपशील बातमीच्या शेपटीला होता. अंशाचे कौतुक करताना छेद पाहायचा नाही, ही आपली जुनी खोड. पुढे मुलाचा खेळ अपेक्षेइतका बहरला नाही तेव्हा, मुंबई क्रिकेट संघटनेकडून मिळणारी दरमहा दहा हजारांची शिष्यवृत्ती थांबवावी असे त्याच्या वडिलांनी स्वतःहून कळवले. त्या विक्रमापेक्षा हे पत्र दुर्मिळ म्हणावे लागेल.

एका माणसावर सारा भार टाकण्याची ही वृत्ती कोणत्या थराला जाते, याचा धडा भारतीय रसिकांना एका रविवारी मिळाला होता. ३१ जानेवारी १९९९. चेन्नईला पाकिस्तानविरुद्ध चौथ्या डावात भारताला २७१ धावा करायच्या होत्या. पाठीच्या दुखण्याने वाकलेला तेंडुलकर एका बाजूने लढत होता. मोंगियाने त्याला निम्मी वाट सोबत केली. तेंडुलकर १३६ धावांवर बाद झाला तेव्हा विजयासाठी फक्त सतरा धावा हव्या होत्या आणि तीन गडी शिल्लक होते. सतरा धावा! गल्लीतल्या पोरांनीही रडतखडत काढाव्यात इतक्या. ते तीन गडी चार धावांत गेले आणि भारत बारा धावांनी हरला. चेन्नईच्या प्रेक्षकांनी उभे राहून पाकिस्तानच्या संघाला मानवंदना दिली, ही त्या दिवसाची उजळ बाजू.

त्या काळात तेंडुलकर बाद झाला की घरोघर दूरदर्शन संच बंद होत असत. ही थट्टेने सांगण्याची गोष्ट नव्हे. ती एका अर्थव्यवस्थेचे वर्णन आहे. मराठीत तिला नेमका शब्द आहे : एकखांबी तंबू. तंबू उभा असेपर्यंत खांबाचे गुणगान होते, पण खांब एकच ठेवण्याचा निर्णय कोणी घेतला हे विचारले जात नाही. ज्या शाळेत एकच चांगला गणिताचा शिक्षक असतो, ज्या कचेरीत एकाच वृद्ध कारकुनाला जुनी दप्तरे लावता येतात, ज्या कुटुंबात एकच मिळवता हात असतो, तेथे हेच चालते. त्या माणसाची स्तुती करणे हा त्याला मदत न करण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे. आणि तो माणूस निवृत्त झाला, आजारी पडला की उरलेल्या तीन गड्यांच्या चार धावा होतात. ही चूक त्या तिघांचीच असते असेही नव्हे. ज्यांना कधी भार उचलू दिला नाही, त्यांचे खांदे कसे तयार व्हावेत?

वैतरणा-पालघर-बोईसर पट्ट्यातल्या रसिकाला या बाबतीत एक वेगळे भाग्य लाभले आहे. त्याच्या वाट्याला जो खेळाडू आला तो महानायकांच्या पंक्तीतला नव्हे. शार्दूल ठाकूर हा आठव्या क्रमांकावर येणारा, मध्यम चणीचा, मध्यमगती गोलंदाज. पालघर तालुक्यातील माहीम गावचा, १९९१ साली जन्मलेला, शेतकऱ्याच्या घरातला. शालेय वयात प्रतिस्पर्धी संघातून खेळताना प्रशिक्षक दिनेश लाड यांच्या नजरेत तो भरला. बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद शाळेत त्याला घ्यायचे ठरले तेव्हा वडिलांपुढे अडचण उभी राहिली ती पैशाची जितकी, त्याहून अधिक अंतराची. त्या वेळी विरारच्या पुढे उपनगरी लोकल धावत नव्हती. ती डहाणूपर्यंत जायला एप्रिल २०१३ उजाडावा लागला. तोवर शटल, पॅसेंजर आणि लांब पल्ल्याच्या दोन-चार गाड्या यांच्या वेळापत्रकावर साऱ्या तालुक्याचे आयुष्य बेतलेले. गाडी चुकली की दिवस चुकला. अखेर लाड यांनी मुलाला काही काळ स्वतःच्याच घरी ठेवून घेतले. हॅरिस शील्डच्या सामन्यात एका षटकात सहा षटकार मारणारा मुलगा म्हणून पुढे त्याचे नाव झाले. पण त्या सहा षटकारांच्या मागे एका गृहिणीने आपल्या स्वयंपाकघरात वाढवलेले एक पान आहे. त्याची नोंद धावफलकावर करण्याची सोय नाही.

पालघर ते चर्चगेट हे अंतर सुमारे नव्वद किलोमीटर. जाऊन-येऊन दररोज चार तास धरले आणि महिन्याचे पंचवीस दिवस धरले, तर मुलाचे शंभर तास रुळांवर जातात. मुंबईत मैदानाशेजारी राहणारा त्याच्याच वयाचा मुलगा तेवढ्या वेळात शंभर तास सराव करतो, अभ्यास करतो, किंवा नुसता झोपतो. अर्थशास्त्रात याला संधिव्यय म्हणतात. परीक्षेत त्याची व्याख्या विचारली जाते. पहाटे चारला उठून खांद्यावर किटबॅग घेऊन फलाटावर उभ्या राहणाऱ्या मुलाला ती पाठ करावी लागत नाही.

शार्दूलचे कसोटीपदार्पण ऑक्टोबर २०१८ मध्ये हैदराबादला झाले आणि दहा चेंडूंत संपले. जांघेचा स्नायू दुखावून त्याला मैदान सोडावे लागले. दुसरी कसोटी मिळाली ती सव्वादोन वर्षांनी, ब्रिस्बेनला, जानेवारी २०२१ मध्ये. तीही कशी मिळाली? खांब एकामागून एक कोसळले म्हणून. कर्णधार कोहली पितृत्वाच्या रजेवर घरी परतलेला; शमी, उमेश, बुमराह, अश्विन, जडेजा असे गोलंदाज जायबंदी. ज्या मैदानावर ऑस्ट्रेलिया १९८८ पासून हरली नव्हती तेथे भारताने राखीव माणसांचा संघ उभा केला. १७ जानेवारी, रविवार. साथीच्या निर्बंधांमुळे लोकल अजून सर्वांना खुली झालेली नव्हती आणि पहाटेपासून घराघरांतून सामना चालू होता. भारत ६ बाद १८६. तेथून शार्दूल आणि आपला पहिलाच कसोटी सामना खेळणारा वॉशिंग्टन सुंदर यांनी १२३ धावांची भागी केली. शार्दूलची पहिली धावनोंद कमिन्सला मारलेल्या षटकाराने झाली आणि अर्धशतकही लायनला मारलेल्या षटकारानेच पुरे झाले. त्याने केल्या ६७, सुंदरने ६२. सामन्यात सात गडीही त्याने बाद केले. मंगळवारी भारत जिंकला तेव्हा नाबाद ८९ धावांच्या पंतचे नाव सर्वत्र गाजले, दुसऱ्या डावात पाच गडी घेणाऱ्या सिराजचे गाजले, आणि हे दोघेही त्याला पात्र होते. तथापि त्या संघात असा एकही माणूस नव्हता की जो बाद होताच घरचा पडदा विझवावा.

चेन्नईचा रविवार आणि ब्रिस्बेनचा रविवार यांच्यामध्ये बावीस वर्षांचे अंतर आहे. पहिल्या रविवारी जगातला एक सर्वश्रेष्ठ फलंदाज हरला. दुसऱ्या रविवारी दोन आठव्या-सातव्या क्रमांकाचे गृहस्थ वाचले. रसिकाच्या मनात अधिक खोल रुतला तो पहिलाच, हे मान्य केले पाहिजे. दुःखाला एक चेहरा असतो, तो लक्षात राहतो. सुखाची भागी अनेकांत वाटली गेली की प्रत्येकाच्या वाट्याला थोडे थोडे येते.

बाजाराचे गणित तर अशा वाटणीला अनुकूल नाहीच. आल्फ्रेड मार्शल यांनी फार पूर्वी एक मार्मिक निरीक्षण नोंदवले होते : गायिकेचा आवाज जितक्या श्रोत्यांपर्यंत पोचेल तितकीच तिची कमाई, आणि माणसाच्या गळ्याला मर्यादा असते म्हणून तिच्या कमाईलाही. तबकडी आली, नभोवाणी आली, दूरचित्रवाणी आली आणि ती मर्यादा गेली. १९८१ साली शेर्विन रोझेन या अर्थशास्त्रज्ञाने याची मांडणी केली. एकच खेळ कोट्यवधी लोक एकाच वेळी पाहू शकत असतील तर गुणवत्तेतील बारीकसा फरकही मिळकतीत प्रचंड होऊन उमटतो, कारण दुसऱ्या क्रमांकाचे पाहण्यात वेळ घालवावा असे कोणाला वाटत नाही. त्याआधी १९७४ मध्ये रॉबर्ट नोझिक या तत्त्वज्ञाने बास्केटबॉलपटू विल्ट चेंबरलेनचे उदाहरण घेऊन विचारले होते की, प्रत्येक प्रेक्षकाने राजीखुशीने चार आणे त्याच्या पेटीत टाकले आणि तो धनाढ्य झाला, तर त्यात अन्याय कोणता? प्रश्न चोख आहे. पण १९६२ साली चेंबरलेनने एका सामन्यात शंभर गुण मिळवले तेव्हा त्याचे सहकारी मुद्दाम चेंडू त्याच्याकडेच देत होते. त्यांच्या पेटीचे काय, हे नोझिक विचारत नाही.

शार्दूलच्या पेटीची कथा या संदर्भात उद्बोधक आहे. २०२२ च्या लिलावात दिल्लीने त्याला पावणेअकरा कोटींना घेतले. डिसेंबर २०२३ मध्ये चेन्नईने चार कोटींना. नोव्हेंबर २०२४ च्या लिलावात त्याला कोणीच घेतले नाही. त्याच लिलावात पंतसाठी सत्तावीस कोटी मोजले गेले. ब्रिस्बेनच्या विजयात दोघेही होते. मग मार्च २०२५ मध्ये लखनौचा एक गोलंदाज जायबंदी झाला म्हणून शार्दूलला दोन कोटींना बदली बोलावण्यात आले, आणि दुसऱ्याच सामन्यात त्याने चार गडी बाद केले. दोन कोटी ही रक्कम गाडीच्या डब्यातील कोणालाही स्वप्नवत वाटेल, तेव्हा येथे करुणेचा प्रश्न नाही. प्रश्न असा की, तीन वर्षांत माणसाची किंमत पावणेअकरापासून शून्यावर आणि शून्यावरून दोनवर येते तेव्हा त्या काळात नेमके काय बदलले? त्याचा हात तोच होता. कंत्राटी कामगारांच्या वसाहतीत राहणाऱ्यांना हा अनुभव ओळखीचा वाटेल. ‘बदली’ हा शब्द तारापूरच्या कारखान्यांतही तितकाच रुळलेला आहे.

लिलावाच्या त्याच वर्षी, ३ मार्च २०२४ रोजी, तोही रविवार होता, रणजीच्या उपांत्य सामन्यात मुंबईची अवस्था तमिळनाडूविरुद्ध ७ बाद १०६ असताना त्याने १०९ धावा काढल्या. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमधले हे त्याचे पहिले शतक. मुंबईने पुढे बेचाळिसाव्यांदा करंडक जिंकला. पण त्या दिवशी शतकवीर बोलला तो शतकाविषयी कमी आणि वेळापत्रकाविषयी जास्त. सामन्यांमध्ये दोन-तीन दिवसांचीच विश्रांती मिळते, असेच चालले तर खेळाडू जायबंदी होतील, असे त्याने स्पष्ट सांगितले. पाळीवरून पाळीला लावू नका, एवढाच त्याचा अर्थ. महानायक सहसा असे बोलत नाहीत.

महाराष्ट्राच्या खेळाचा इतिहास नीट पाहिला तर एकट्याच्या पराक्रमामागे नेहमीच कोणा नोकरदाराचे किंवा मास्तराचे घर दिसते. १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक जिंकून स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून देणारे खाशाबा जाधव तेथवर पोचावेत म्हणून राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर सात हजारांना गहाण टाकले होते. त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक पदक मिळायला बहात्तर वर्षे लागली. २०२४ मध्ये पॅरिसला नेमबाजीत ते मिळवणारा स्वप्निल कुसाळे हा तेव्हा मध्य रेल्वेतला तिकीट तपासनीस होता. डब्यातल्या चर्चेत ही माहिती निघाली की हमखास हशा पिकतो आणि दोघे-तिघे नकळत खिशातला पास चाचपतात.

आणि वैतरणा नदी? ती त्र्यंबकच्या डोंगरात उगवते. त्याच त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत अनवाणी धावत मोठी झाली आणि तिने २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचे कांस्य व पाठोपाठ आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळवले. नदीच्या उगमाशी ती, मुखाजवळ शार्दूल. मधल्या साऱ्या खोऱ्यातले पाणी मोडकसागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा या धरणांतून मुंबईला जाते. भाजी जाते, मासळी जाते, पहाटेच्या गाडीने माणसेही जातात. गुणवत्ताही त्याच उताराने वाहणार. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर स्वतंत्र जिल्हा झाला, कचेऱ्या आल्या, पाट्या बदलल्या. परंतु खेळायचे ते मुंबईकडून, सरावाला जायचे ते मुंबईला, आणि निवड व्हायची तीही मुंबईतच. नदीच्या दोन पात्रांमध्ये वसलेल्या वाढीव बेटावरची माणसे तर स्थानक गाठण्यासाठी कित्येक वर्षे रेल्वेच्या पुलाच्या कडेने, धडधडत्या गाड्यांच्या बाजूने चालत आली आहेत. तेथल्या मुलाने वेगवान गोलंदाज व्हायचे ठरवले तर त्याचा रनअप किती लांबीचा धरावा?

एक शार्दूल झाला म्हणून आज या मार्गावरच्या पहाटेच्या गाड्यांतून किटबॅगा वाढल्या आहेत. प्रत्येक बॅगेमागे एका घराचा हिशेब आहे : मुलाच्या शिकवणीचे पैसे इकडे वळवले, आईने दागिना मोडला, बापाने जादा पाळी धरली. महानायकाच्या उदाहरणाने हा हिशेब सुरू होतो. पण शंभर बॅगांपैकी किती मैदानावर उघडल्या जाणार आणि किती माळ्यावर जाणार, हे ते उदाहरण सांगत नाही. लॉटरीच्या तिकिटावर निदान बक्षिसांची संख्या छापलेली असते. गावात एक नीट राखलेले मैदान असेल, शाळेत खेळाच्या तासाला खरोखरच खेळ होत असेल, आणि पहाटेची गाडी वेळेवर असेल, तर माळ्यावर गेलेल्या बॅगेतूनही मुलाला काही मिळून गेलेले असते : भरलेले खांदे, चार मित्र, हरण्याची सवय. ते नसेल तर मात्र त्याच्याकडे उरतात ते शाळेचे बुडलेले दिवस.

२०१८ च्या फेब्रुवारीत दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्याहून परतलेला शार्दूल अंधेरीला गाडीत चढून थेट पालघरला घरी गेला होता. डब्यातल्या लोकांनी आधी विश्वास ठेवला नाही. काहींनी भ्रमणध्वनीवर त्याचे छायाचित्र शोधून समोरच्या चेहऱ्याशी ताडून पाहिले. खात्री पटल्यावर गप्पा सुरू झाल्या. वर्षानुवर्षे आपण एकत्र प्रवास करत आलो आहोत असे त्या मार्गावरच्या जुन्या प्रवाशांना वाटले असल्यास त्यात खोटे काहीच नव्हते.

सोमवारी पहाटे उलट्या दिशेची गाडी पालघर सोडते तेव्हा डब्यात रविवारच्या सामन्याचे उरलेसुरले चर्वितचर्वण चाललेले असते. केळवे रोडला एक मुलगा मोठी बॅग घेऊन चढतो. बॅग वाटेत येते म्हणून कोणी कुरकुरतो, कोणी ती उचलून वरच्या फळीवर ठेवायला हात देतो. ‘कुठं खेळतोस?’ असे एक वयस्क प्रवासी विचारतात. मुलगा संघाचे नाव सांगतो. ते कोणी ऐकलेले नसते. ‘कितव्या नंबरला येतोस?’ मुलगा जरा ओशाळून सांगतो, ‘आठव्या, काका.’ सफाळे गेलेले असते. ‘बस की मग,’ असे म्हणत काका थोडे सरकतात आणि चौथ्या सीटवर बोटभर जागा होते. गाडी पुलावर येते, चाकांचा आवाज पालटतो आणि खिडकीशी बसलेला कोणी तरी पुन्हा विचारतो, पण ते सगळे राहू द्या हो, सर्वांत मोठा कोण?